एकतिसाव्या दिव्यानंतर

एक

शुक्रवारी, वीस एप्रिलला, मद्रासच्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टर वेदवतीचं नाव तीनदा पुकारलं गेलं. तिसऱ्या हाकेनंतर कारकुनानं नावापुढं ‘गैरहजर’ लिहिलं आणि पुढच्या उमेदवाराला आत सोडलं. त्या वेळी वेदवती कुंभकोणात एका बाईचं आडवं आलेलं मूल फिरवत होती. मद्रासला आपल्याला कुणी हाका मारतंय हे तिच्या गावीही नव्हतं.

आम्हाला हे कळलं चार दिवसांनी, मंगळवारी. तिची कॉलेजातली मैत्रीण सुब्बलक्ष्मी हिचं पत्र आलं. ‘तू मुलाखतीला आली का नाहीस? कार्डं तर सगळ्यांना नऊ तारखेलाच गेली. तुझं गेल्याची नोंद मी कारकुनाच्या वहीत डोळ्यांनी पाहिली.’

वेदवतीनं ते पत्र मला आणून दिलं आणि ओट्यावर बसली. आमची आणि तिची घरं एका भिंतीची. तिला मी परकरातली असल्यापासून पाहतोय. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण ती नुसती हाताच्या नखांकडं बघत राहिली.

“काका, मज कार्ड आलेंच नाही,” ती आमच्या तंजावरी मराठीत म्हणाली. “मी समजलें, मला बोलावलेंच नाही. विचारायलाही लाज वाटली.”

गोष्ट अशी होती. एम.बी.बी.एस. झाल्यावर बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण घ्यायचं, तर त्या इस्पितळात जागा मिळवावी लागे. जागा सगळ्या मिळून चार. पदवीनंतर तीन वर्षांच्या आतच अर्ज करायचा, आणि वेदवतीचं हे तिसरं वर्ष. न कळवता मुलाखतीला गैरहजर राहणाऱ्याचा अर्ज कायमचा रद्द. आमच्या भागात दर महिन्याला एखादी बाळंतीण, जिला पोट उघडून वाचवता आलं असतं, ती तंजावरला नेता नेता बैलगाडीतच जायची. ते पोट उघडायला शिकायचं होतं या पोरीला, दुसरं काही नको होतं.

आता मी कोण ते सांगतो. मी रघूत्तमराव. तेहेतीस वर्षं टपालखात्यात काढली, त्यातली शेवटची बारा हरवलेली पत्रं शोधणारा इन्स्पेक्टर म्हणून. टपालखातं पत्र हरवत नाही, माणसं हरवतात, हे माझं वाक्य आमच्या गल्लीत इतकं प्रसिद्ध की माझी थट्टाच त्यावरून चाले. पत्र न उघडता आतली बातमी ओळखण्यात माझा हात धरणारा नव्हता. पाकिटाला हळदीचं बोट लागलेलं असलं की लग्न; पोस्टमन ते हसत हातात देतो आणि खोबऱ्याच्या वडीची वाट पाहत उभा राहतो. कार्डाचा कोपरा फाडलेला असला की मरण. ते घरात कुणी नेत नाही, दारातच वाचून फाडतात आणि आंघोळीला जातात. खाकी पाकीट असलं की कोर्ट नाहीतर पेन्शन. हे सगळं मी शिकाऊ पोरांना पढवत असे.

“कार्ड मद्रासहून निघालें, तर तें इथें पोचलें,” मी वेदवतीला म्हणालो. “तें कोणी घेतलें, हें मी शोधून काढतों.”

“शोधून काय उपयोग, काका?”

तिचं खरंच होतं. पण मी इन्स्पेक्टर होतो ना. त्याच दिवशी मी इस्पितळाला माझ्या नावानं तार ठोकली, की उमेदवाराला कार्ड मिळालेलं नाही, पुन्हा संधी द्यावी. सुब्बलक्ष्मीलाही पत्र टाकलं, की तुझं कार्ड असेल तर पाठव, मला ते कसं दिसतं ते पाहायचंय. मग छत्री घेतली आणि पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभा राहिलो.

दोन

पोस्टमन स्वामीनाथ माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याची ‘पोस्ट!’ अशी आरोळी उठली की मागच्या गोठ्यातल्या गाईसुद्धा माना वर करायच्या. आमचं बोलणं तमिळमध्ये झालं, मी आपल्या भाषेत लिहितो.

“डॉक्टरम्मांचं मद्रासचं कार्ड आलं होतं का?”

“आलं होतं, सार्.” त्यानं क्षणही घेतला नाही. “अकरा तारखेला, बुधवारी. सकाळी अकराच्या सुमाराला.”

माझा ऊर भरून आला. खात्यानं पत्र हरवलं नव्हतं.

“कुणाच्या हातात दिलंस?”

“हातात नाही दिलं. तिण्णैवर ठेवलं.” तिण्णै म्हणजे आमच्याकडचा दाराबाहेरचा ओटा.

“आणि आरोळी दिलीस?”

तो सायकलच्या घंटीशी चाळा करू लागला. “नाही.”

“का? तुझी आरोळी तर महामखमच्या मेळ्याच्या गर्दीतसुद्धा थांबली नव्हती.”

स्वामीनाथनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच काहीतरी वाईट बोललो. “सार्, तेहेतीस वर्षं तुम्ही खात्यात काढलीत. मला काय विचारता?” एवढं म्हणून तो सायकलवर बसला आणि निघून गेला.

मला राग आला. निवृत्त झालेल्या वरिष्ठाला हे असं उत्तर! आरोळी न देता, चोरासारखं कार्ड ओट्यावर ठेवून हा जातो, म्हणजे याला कुणीतरी तसं सांगितलं होतं. अकरा तारखेला मी स्वतः तिरुविडैमरुदूरला मुलीकडे होतो, नाहीतर ओट्यावर मीच बसलेला असतो. वेदवती दवाखान्यात, तिचे वडील व्यंकटरमण शाळेत परीक्षेवर. घरात फक्त तिची आत्या, अंबुअक्का.

मी मागच्या दारानं गेलो. अंबुअक्का चौसष्ट वर्षांची, तांबड्या लुगड्यातली, हाडं दिसावीत इतकी बारीक. वेदवतीची आई लवकर गेली, तेव्हापासून पोर हिच्या मांडीवर वाढलेली. या पोरीला ती जागा मिळावी म्हणून तिनं कावेरीकाठच्या स्वामींच्या मठात अठ्ठेचाळीस दिवस तुपाचा दिवा लावायचा नवस धरला होता. पहाटे अंधारात उठून, सोवळ्यात, अनवाणी जायची. तिच्यावर संशय घ्यायचा म्हणजे तुळशीवर घेण्यासारखं.

“अक्का, बुधवारीं ओट्यावर एक कार्ड ठेवलें होतें. तूं पाहिलेंस का?”

ती चुलीतलं लाकूड मागं ओढत होती. वर बघितलं नाही.

“मज कुठलें इंग्रजी कळतें, रघू?” ती म्हणाली.

मी बरं म्हणून परत फिरलो. दारातून बाहेर पडल्यावर ध्यानात आलं, की ओट्यावर अकराच्या सुमाराला रोज आणखी एक माणूस येतो: डॉक्टर शंकरनारायणांचा कंपाउंडर, वेदवतीच्या जेवणाचा डबा न्यायला.

तीन

डॉक्टर शंकरनारायण यांच्या दवाखान्यात वेदवती दोन वर्षं काम करत होती. दवाखाना त्यांचा, रात्री-अपरात्रीची बाळंतपणं हिची. गल्लीत सगळे म्हणत, ही गेली तर म्हाताऱ्याला दुकान बंद करावं लागेल. मी आडवळणानं विचारणार होतो, पण त्यांनी मला सरळ खुर्चीवर बसवलं.

“कार्ड मी चोरलं का, हेच विचारायला आलात ना?” ते म्हणाले. “हेतू माझ्यापाशी आहे, नाकारत नाही. माझे हात थरथरतात, रावजी. गेल्या आठवड्यात एक टाका मला चारदा घालावा लागला. ती गेली की माझं कसं व्हायचं, या विचारानं मला झोप येत नाही.”

त्यांनी खणातून एक कागद काढून माझ्यापुढं टाकला. निवड समितीला लिहिलेल्या शिफारशीची नक्कल. तिच्याविषयी इतकं चांगलं मी कधी वाचलं नव्हतं. खाली त्यांची सही, वेडीवाकडी.

“हे मी पाठवलं, मग कार्ड कशाला चोरू?”

“आणि तुमचा कंपाउंडर? तो अकराला डबा न्यायला ओट्यावर येतो.”

“त्या बुधवारी तो डबा न घेताच परत आला. म्हणाला, घर बंद आहे, आत विहिरीच्या रहाटाचा आवाज येतोय. मग दोन वाजता वेदवती स्वतः जेवायला गेली, तर तीही उपाशी परत. आत्या डोक्यावरून न्हाल्यात, सकाळचा सगळा स्वयंपाक टाकून दिलाय, म्हणाली. मी आमच्या घरून इडल्या मागवल्या तिच्यासाठी.”

मी उठलो. दारापर्यंत पोचलो तोच ते मागून म्हणाले, “रावजी, बाहेर कशाला शोधता? मागच्या आठवड्यात मी तुमच्या व्यंकटरमण सारांकडे गेलो होतो. माझी चाहूल लागताच त्यांनी एक कागद घाईघाईनं पंचांगात लपवला. माणूस घाबरलेला होता.”

चार

व्यंकटरमण गणिताचा मास्तर. खोटं बोलायला लागला की कानाच्या पाळ्या लाल होतात, हे मला शाळेपासून ठाऊक. मी त्याच्या टेबलावरचं पंचांग उचललं, आणि त्या दोन्ही पाळ्या लाल झाल्या.

आतून घडी घातलेला कागद पडला. मी उलगडला. कार्ड नव्हतं. तिरुविसनल्लूरच्या एका मुलाची पत्रिका होती.

“अरे, म्हणजे तूं लग्न ठरवतोस पोरीचें? मुलाखत चुकली तें तुज बरेंच झालें म्हणायचें!”

“हळू बोल,” व्यंकटरमण म्हणाला. “पत्रिका दहा तारखेला आली. मुलगा चांगला आहे. तिला दाखवली असती तर तिचें मन दोहींकडे ओढलें असतें. म्हटलें, आधीं तिची मुलाखत होऊं दे. म्हणून लपवली. तिच्यासाठींच लपवली रे मी.”

खरंच बोलत होता. पाळ्यांचा रंग उतरला होता. मला माझीच लाज वाटली, पण इन्स्पेक्टरनं लाजून चालत नाही.

“बुधवारचें काय आठवतें तुज? अकरा तारीख.”

“काय आठवणार? संध्याकाळीं आलों तर अक्का मागच्या पडवींत निजलेली. म्हणाली, दुपारीं पाल पडली अंगावर, न्हालें, बरें वाटत नाही. दुसऱ्या दिवसापासून गुडघा दुखतो म्हणून मठांत जाणें बंद. तमिळ वर्षाच्या सणालाही उठली नाही. देवघरांतला दिवा दहा दिवस मीच लावला, चूल वेदानें सांभाळली.”

“पाल कुठें पडली? उजव्या खांद्यावर कीं डाव्या?”

“तें नाही सांगितलें.”

मी थबकलो. पाल कुठं पडली तर काय फळ, हे आमच्या गल्लीत बायका अंबुअक्काला विचारायला येतात. स्वतःच्या अंगावर पाल पडल्यावर तिनं पंचांग काढायला लावलं नाही?

“आणि एक,” व्यंकटरमण म्हणाला. “शनिवारीं बंगळूरहून सुंदरीअक्काचें पत्र आलें. थोरली बहीण आमची, पावसाळ्यापासून दुखणाईत होती ना. मी वाचून दाखवलें तर ही ढसढसा रडली. पत्रांत होतें काय? ताप उतरला, आवकाई लोणचें घातलें, बरणी कोणासंगें पाठवूं. लोणच्याला कोण रडतें रे?”

पाच

शनिवारी तारेचं उत्तर आलं. ‘नियमात तरतूद नाही. खेद आहे.’ मी ते वेदवतीला दाखवलं. तिनं वाचलं, घडी घातली, आणि बॅग उचलून दवाखान्यात गेली. मी आयुष्यभर लोकांची पत्रं त्यांना मिळवून दिली, आणि या पोरीसाठी पाच शब्दांपलीकडे काही आणू शकलो नाही.

सोमवारी सकाळी मी त्यांच्या मागच्या पडवीत बसलो होतो. अंबुअक्का विहिरीवर होती. दोन घागरी भरून, एक कमरेवर एक हातात, चार पायऱ्या चढून वर आली. गुडघा ठणठणीत होता. आणि कधी दुखला असेल असं तिच्या चालीवरून तरी दिसत नव्हतं.

माझी नजर भिंतीवर गेली. तिथं कोळशाच्या रेघा होत्या. अक्काला आकडे लिहिता येत नाहीत, ती मठातून आली की एक रेघ ओढते. मी मोजल्या. एकतीस रेघा, मग दोन बोटं मोकळी जागा, मग त्याच ओळीत पुढं दहा. एकतिसावी रेघ अकरा एप्रिलच्या पहाटेची. बत्तिसावी एकवीस तारखेची. मधल्या नऊ पहाटा कोऱ्या; अकरा तारीख धरून दहा दिवस.

मी त्या मोकळ्या जागेकडं किती वेळ बघत बसलो कोण जाणे. नवसाचा नियम आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कंटाळा केला, आजारी पडलात, गावाला गेलात, तर नवस मोडला. पुन्हा पहिल्या दिव्यापासून सुरुवात. गुडघा दुखला असता तर अक्कानं भिंत पुसली असती आणि पहिली रेघ नव्यानं ओढली असती. तिनं तसं केलं नव्हतं. बत्तिसापासून पुढं चालू केलं होतं.

मध्ये खंड पडूनही नवस मोडत नाही, असं तिच्या वयाच्या बाईला एकच कारण. त्यात मठाची पायरी चढता येत नाही, देवघरात जाता येत नाही, सण करता येत नाही, आणि ते दहाच दिवस असतं.

सुतक.

पण या घरात कुणीच मेलं नव्हतं.

सहा

मी घरी आलो तेव्हा दारात स्वामीनाथ उभा होता. सुब्बलक्ष्मीचं पाकीट. त्यानं ते हातात दिलं, माझ्याकडं न बघता.

मी ओट्यावरच पाकीट फोडलं. आत तिची चिठ्ठी आणि तिचं मुलाखतीचं कार्ड. ‘काका, ही कार्डं आम्हीच स्वतःचा पत्ता घालून अर्जाला जोडलेली होती. कारकुनानं अर्ज आणि कार्ड यांच्या कोपऱ्यातून एकच दोरा ओवून गठ्ठा बांधला होता. पाठवताना ओढून काढली, त्यामुळं सगळ्यांची अशीच झालीत.’

मी कार्ड बाहेर काढलं. वरचा डावा कोपरा फाटलेला होता.

आणि काय सांगू, माझ्या हातातून ते आपोआप सुटलं. मी, तेहेतीस वर्षं खात्यात काढलेला माणूस, ते कार्ड पायरीवर टाकून दोन पावलं मागं सरलो. वाऱ्यानं उडू नये म्हणून मग त्यावर दगड ठेवला, तोही पायानं सरकवून. स्वामीनाथ अजून रस्त्यावर उभा होता.

“डॉक्टरम्मांचंही असंच होतं का रे?”

“असंच, सार्. असल्या कार्डाला आरोळी देतात का? हातात देतात का? तुम्हीच शिकवलंत. कुणाचं काय झालं विचारायचं नाही, ठेवायचं आणि मागं न बघता जायचं.”

मीच शिकवलं होतं.

मी मागच्या दारानं अक्काकडं गेलो. ती पडवीत डाळ निवडत होती. मी समोर बसलो आणि जे कळलं ते क्रमानं सांगितलं. आरोळी न देता ठेवलेलं कार्ड. रहाटाचा आवाज. पालीचं फळ न विचारणं. भिंतीवरची दोन बोटं जागा. बंगळूरच्या लोणच्याला आलेलं रडू. ती ऐकत होती, आणि डाळीतले खडे काढत होती.

“सुंदरी गेली असें वाटलें मज,” ती शेवटी म्हणाली. “तिचेंच दुखणें चाललें होतें. पण नक्की कोण तें कसें कळावें? वाचायला देतें तर कळलें असतें.”

“मग दिलें कां नाहीस?”

“वाचलें कीं ऐकलें. ऐकलें कीं सुतक साऱ्या घराला.” तिनं माझ्याकडं पाहिलं. “वेदाला बोलावणें आज येईल, उद्यां येईल, असें चाललें होतें. सुतकांत घरांतून निघालेलें काम कधीं होतें का, रघू? व्यंकटानें तिला उंबरा ओलांडूं दिला नसता. मी म्हटलें, पाहिलें मी एकटीनें, तर धरीन मी एकटी. तिथेंच दारांत फाडलें. केळीच्या बुडाशीं टाकलें. न्हालें. कोणाचें तें ठाऊक नाही, म्हणून पुरे दहा दिवस धरलें, एक दिवस कमी केला नाही. पोरीला शिवलें नाही. ती नाडी बघायला आली तर हात मागें घेतला. फार वाईट वाटलें तिला.”

पोरीला निर्विघ्न जाता यावं म्हणून या बाईनं दहा दिवस पडवीत एकटीनं काढले होते, आणि जायचं बोलावणंच तिनं फाडलं होतं.

“मंगळवारीं मद्रासचें पत्र आलें, कार्ड हरवलें म्हणून तुम्ही सगळे बोलूं लागलां,” ती म्हणाली. “सुंदरी तर जिवंत. तेव्हांपासून घांस उतरत नाही. तें तेंच होतें का रे? खरें सांग.”

मी होकारार्थी मान हलवली.

डाळीचं सूप तिच्या मांडीवरून घसरलं. तिनं ते सावरलं नाही.

“मग मी सुतक कोणाचें धरलें?”

त्या कार्डावर एकच नाव होतं. वेदवतीनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं. मी ते उच्चारलं नाही.

“तूं सांग तिला,” अक्का म्हणाली. “माझें तोंड उघडत नाही. मी इथें चुलीपाशीं बसतें. ती काय बोलेल तें मज ऐकूं येईल, तेवढें पुरे.”

सात

वेदवती दुपारी दीडला आली. मी त्यांच्या ओट्यावरच बसलो होतो. सगळा तपास मनात ओळीनं लावून ठेवला होता. बारा वर्षं असे अहवाल लिहिले, एकही उघडा ठेवला नाही. तोंड उघडलं, आणि आतून चुलीवर फुंकणी आपटल्याचा बारीक आवाज आला.

“तपास लागला,” मी म्हणालो. “कार्ड इथें आलेंच नाही. वाटेंतच गेलें. पिशवी भिजली. खात्याची चूक.”

असं मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो.

“भिजली?” वेदवती म्हणाली. “एप्रिलांत पाऊस कुठला, काका?”

ती पुढं आली आणि माझ्या शेजारी एक कार्ड ठेवलं. सुब्बलक्ष्मीचं. कोपरा फाटलेलं.

“तुमच्या पायरीवर होतें,” ती हळूच म्हणाली. “दगडाखालीं. तुम्ही कार्ड घरांत कां नेलें नाही, असा विचार करत मी तिथेंच उभी राहिलें. मग आत्याचा मागें घेतलेला हात आठवला.”

ती ओट्याच्या खांबाला टेकली. बारीक झाली होती पोर, डोळ्यांखाली काळं आलं होतं. आता रडेल, आता आत जाऊन ओरडेल, असं मला वाटलं, आणि तिनं तसं केलं असतं तर मी तिला अडवलं नसतं. तिचा हक्कच होता. तीन वर्षं गेली होती, पुढची सगळीच गेली होती, आणि दोष द्यायला समोर एकही दुष्ट माणूस नव्हता.

“काल अणैकरैकडची एक बाई आली होती,” ती हळू आवाजात म्हणाली. “पहिलटकरीण. मी तिला तंजावरला न्यायला सांगितलें. दुसरें काय सांगणार? मला येत नाही तें. आतां कधींच यायचें नाही.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तिनं पदरानं तोंड पुसलं, सरळ उभी राहिली, आणि गरजेपेक्षा कितीतरी मोठ्यानं, पार मागच्या पडवीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, “हरवलें तर हरवलें, काका! पोस्टाचीच चूक. त्याला आपण काय करणार? घरच्या कोणाचा दोष नाही, एवढें कळलें, पुष्कळ झालें!”

मग आत गेली. मला ओट्यावर ऐकू आलं, “आत्या, वाढ. भूक लागली.” भांडं पडल्याचा आवाज आला.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत टपालखात्याची अब्रू गेली ती गेलीच. ‘काय रावजी, पत्रं माणसं हरवतात ना?’ असं लोक हसून विचारत, आणि मी मान खाली घालत असे. स्वामीनाथ तेवढा माझ्याकडं बघायचा आणि मोठ्यानं आरोळी द्यायचा.

नवसाचे सात दिवे उरले होते. कशासाठी लावायचे, असं अक्कानं मला विचारलं होतं, आणि मी म्हणालो होतो, अर्धा सोडू नकोस. तिनं सोडला नाही. त्या सातही पहाटे मी खिडकीतून पाहिलं. अक्का पुढं, अनवाणी, पदराखाली दिवा झाकून. दोन पावलं मागं वेदवती, तुपाची वाटी घेऊन. दोघी मठाकडं जायच्या आणि उजाडताना परत यायच्या. शेवटच्या दिवशी भिंतीवरची अठ्ठेचाळिसावी रेघ वेदवतीनं ओढली; कोळसा अक्कानंच तिच्या हातात दिला.